केडगांवचें मुक्तिसदन व तेथें छापलेलें मराठी बायबल

१

महाराष्ट्रांतील ऐतिहासिक साधनांचा संग्रह करणारांचें लक्ष आजपर्यंत मुख्यत्वेंकरून दप्तरें, बखरी, महजर, निवाडपत्रें आणि मठांतील पोथ्या यांजकडे लागलेलें आहे. तें तसें लागावें हें योग्यच होतें. कारण या साधनांचा नाश झपाट्यानें होत होता व तीं वांचविणें हें पहिलें कर्तव्य होतें. परंतु या धांदलींत अलीकडच्या काळाचीं कांहीं साधनें, केवळ तीं छापील आहेत अगर परधर्मीयांच्या घरचीं आहेत म्हणून, आपल्या दृष्टीआड राहिलीं. छापलेला कागद टिकतोच अशी आपली समजूत असते. ती खरी नाहीं. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोमंतकांत राचोल येथें छापलें गेलें. पुढें त्याच शतकांत १६४९ व १६५४ सालीं तें पुनः छापलें. आणि त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो भाविकांनीं आपल्या हातानें उतरून घेतलेल्या पोथ्यांमुळें. ग्रंथाचें आयुष्य छापखान्यापेक्षां त्याच्या भोंवतीं जमलेल्या समाजाच्या निष्ठेवर अधिक अवलंबून असतें, हें या एका उदाहरणावरून दिसून येईल.

प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका छापील ग्रंथाचा व त्याच्या भोंवतालच्या समाजाचा विचार करणार आहों. पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठींत उतरविलेलें, पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथील मुक्तिसदनाच्या छापखान्यांत छापलेलें आणि त्यांच्या निधनानंतर १९२४ सालीं समग्र प्रसिद्ध झालेलें बायबल हा तो ग्रंथ होय. त्याचा उल्लेख आला म्हणजे एकट्या रमाबाईंच्या विद्वत्तेची वाखाणणी होते. ती यथार्थ आहे. परंतु अपुरी आहे. हा ग्रंथ एका विदुषीचें एकटीचें कर्म नसून, दुष्काळांतून वांचलेल्या स्त्रियांनीं आपल्या सहधर्मिणींसह अनेक वर्षें सोसलेल्या कष्टांचें फळ आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकांनीं तो तसाच वाचला पाहिजे, एवढेंच आमचें प्रतिपाद्य आहे.

आमचें वास्तव्य तळेघरीं, म्हणजे आंबेगांव तालुक्यांत भीमाशंकराच्या वाटेवरील डोंगराळ गांवीं आहे. भीमा आणि घोड या दोन्ही नद्या आमच्याच सह्याद्रींत उगम पावतात. पावसाळ्यांत येथें ओढे दुथडी भरून वाहतात. आणि त्याच भीमेच्या खोऱ्यांत, पुण्याच्या पूर्वेस, जुन्या भीमथडी तालुक्यांत वसलेल्या केडगांवास मात्र पर्जन्याची वाण नेहमींचीच. एकाच जिल्ह्याच्या दोन टोंकांतील हा फरक ज्यानें पाहिला आहे, त्यास दुष्काळाची कल्पना करून देण्याची गरज नाहीं.

२

सहधर्मीयांच्या सेवेसाठीं देशींच्या व विदेशींच्या माणसांनीं एकत्र येऊन द्रव्य व श्रम वेंचावे, ही गोष्ट आमच्या प्रांतास नवी नाहीं. आमच्या शेजारच्या जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी लेख हें तिचें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचें प्रमाण आहे. तेथें इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं दोन टांकीं दिलीं. चिट नांवाच्या यवनानें भोजनमंडप दिला. चंद नांवाच्या यवनानें गर्भद्वार दिलें. धान्य विकणारांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व टांकें दिल्याचाही लेख तेथें आहे. हीं दानें कोणाचीं, कशाचीं आणि कोणासाठीं, याचा उलगडा करण्यांत आमच्या विद्वानांनीं पुष्कळ परिश्रम केले आणि त्यांतून प्राचीन महाराष्ट्राच्या समाजस्थितीचें ज्ञान आपणांस झालें.

या लेखांपासून दोन धडे घेण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, परदेशचा मनुष्य एखाद्या धर्मसंघांत शिरला किंवा त्यास साहाय्य करूं लागला, एवढ्यानें तो संघ या भूमीस परका होत नाहीं. यवनांच्या टांक्यांतलें पाणी जुन्नरच्याच डोंगरांतलें होतें. दुसरा धडा असा कीं, दात्यांचीं नांवें राहतात, परंतु छिन्नी चालविणाऱ्या पाथरवटांचीं बहुधा राहत नाहींत. केडगांवच्या बाबतींत या दोन्ही गोष्टी ध्यानांत ठेवल्या पाहिजेत.

ख्रिस्ती धर्मग्रंथांत सहधर्मीयांच्या सेवेसंबंधानें एक मार्मिक प्रसंग आहे. संत पौल बंदिवासांत असतां फिलिप्पै नगरच्या मंडळीनें त्याच्या शुश्रूषेसाठीं एपफ्रदीत नांवाचा मनुष्य पाठविला. सेवा करतां करतां तो मरणाच्या दारीं जाऊन आला. त्यास परत पाठवितांना पौलानें मंडळीस लिहिलेल्या पत्रांत त्याचें वर्णन बंधु, सहकारी आणि सहसैनिक अशा तीन शब्दांनीं केलें आहे. पहिला शब्द नात्याचा, दुसरा कामाचा, तिसरा संकटाचा. पुढच्या दोहोंस मुळांत जो ग्रीक उपसर्ग आहे, तो आपल्या 'सह' अथवा 'सम्' यांचेंच काम करतो. संस्कृतज्ञास येथें एक सूक्ष्म भेद सहज दिसेल. 'साहाय्य' करणारा मनुष्य जवळ येऊन पुनः आपल्या जागीं परतूं शकतो. 'सहन' करणारास परतण्याची जागा उरत नाहीं. एकाच 'सह' या उच्चारांत आपल्या भाषेनें सोबत आणि सोसणें हे दोन्ही अर्थ सांठविले आहेत. केडगांवच्या इतिहासांत या दोहोंचा संबंध कसा जुळला, तें आतां पाहूं.

३

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या दक्षिण भागांतील गंगामूळ येथें झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न पंडित होते. त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें, आणि त्या काळच्या शिष्टांचा रोष ओढवून घेतला. लक्ष्मीबाईंनीं तीच विद्या आपल्या मुलीस दिली. भागवत लहानपणींच मुखोद्गत झालेली ही मुलगी मातापितर, बहीण व भाऊ यांसह तीर्थोतीर्थीं फिरत असे. देवळांत पुराण सांगावें आणि श्रोते जें देतील त्यावर निर्वाह करावा, असा त्या कुटुंबाचा क्रम होता.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळ पडला. पुराण ऐकणारेच उपाशी, तेथें पुराणिकास कोण देणार? अंगमेहनतीचें काम ठाऊक नाहीं आणि भीक मागण्याची लाज, अशा अवस्थेंत हें कुटुंब जवळचें सर्व किडूकमिडूक संपवून अरण्यांत जाऊन राहिलें व पाल्यावर दिवस काढूं लागलें. वडील प्रथम गेले, मागोमाग आई, नंतर बहीण. आईच्या प्रेतास खांदा द्यावयास पुरेशीं माणसें मिळेनात. मोठ्या विनवण्यांनंतर दोघे ब्राह्मण आले; तिसरा भाऊ; आणि चौथ्या जागीं स्वतः रमाबाई उभ्या राहिल्या. उंचीनें ठेंगण्या असल्यामुळें खांद्यास खांदा लागेना, म्हणून तिरडीचें तें टोंक त्यांनीं डोक्यावर घेतलें आणि तीन मैलांवरच्या स्मशानापर्यंत नेलें. ही हकीगत त्यांनींच पुढें आपल्या लेखनांत नमूद करून ठेविली आहे.

आम्ही या प्रसंगास विशेष महत्त्व देतों, याचें कारण हें कीं, रमाबाईंच्या पुढील चरित्रांतील अनेक गोष्टींचा खुलासा त्यानें होतो. संकटांत खांद्यास चौथा मनुष्य मिळणें किती कठीण असतें, हें त्यांनीं सोळाव्या वर्षींच पाहिलें होतें.

पुढें भाऊ श्रीनिवासशास्त्री यांजबरोबर बहुतेक पायींच हिंदुस्थानभर भ्रमण करीत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचल्या. तेथील विद्वानांनीं त्यांची परीक्षा घेऊन 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० त भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी दास यांजशीं त्यांचा विवाह झाला. आणि १८८२ च्या आरंभीं पतीही पटकीनें निवर्तले. लहानग्या मनोरमेस घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हा ग्रंथ लिहिला व हंटर कमिशनपुढें स्त्रीशिक्षणाविषयीं साक्ष दिली. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. वैद्यक शिकण्याचा त्यांचा मनोदय होता, परंतु कानांनीं ऐकूं कमी येऊं लागल्यामुळें तो सोडावा लागला. त्याच वर्षींच्या २९ सप्टेंबरास वाँटेज येथें त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

४

दीक्षा घेतली म्हणून रमाबाईंनीं आपली बुद्धि कोणाच्या स्वाधीन केली नाहीं. वाँटेज येथील भगिनीमंडळाशीं झालेला त्यांचा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांनीं संपादित केला व तो १९७७ सालीं मुंबईस प्रसिद्ध झाला. त्यांत त्या धर्ममतांविषयीं आपल्या गुरुजनांशीं निर्भीडपणें वाद घालतांना दिसतात. क्रूसावर लॅटिन अक्षरें कशासाठीं, संस्कृत कां असूं नयेत, असा प्रश्न त्यांनीं केला होता. खाणें शाकाहारीच ठेवलें, वेष एतद्देशीयच ठेवला. सहधर्मीयांशीं ऐक्य म्हणजे त्यांच्या देशाचें अनुकरण नव्हे, हा त्यांचा निश्चय पुढें केडगांवच्या व्यवस्थेंतही दिसून येतो.

१८८६ त त्या अमेरिकेस गेल्या. तेथें बॉस्टन शहरीं १८८७ सालीं रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन तिनें दहा वर्षें साहाय्य करण्याचें पत्करलें. स्वदेशीं परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास आणलें. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा पुनर्विवाह १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांजशीं झाला, हें सर्वश्रुत आहे. शारदासदनांत धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं असें ठरलें होतें. परंतु रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस मुलींनीं बसावें कीं नाहीं, यावरून तीव्र वाद माजला. 'केसरी'नें कडक टीका केली. रानडे, भांडारकर यांसारख्या सल्लागारांनीं १८९३ त संबंध सोडला. पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. या वादांत दोन्ही पक्षांस आपापलें म्हणणें होतें. पालकांस जें वचन मिळाल्यासारखें वाटलें होतें, तें मोडल्याचें दुःख खोटें नव्हतें. आणि आपल्याच घरांत आपल्याच देवाची प्रार्थना दार लावून करावी हें रमाबाईंस मान्य होणें शक्य नव्हतें. इतिहासकारानें यांतील कोणाचा वकील होण्याचें कारण नाहीं. परिणाम मात्र स्पष्ट आहे. पुण्याच्या शिष्टसमाजाचा आधार तुटला, आणि रमाबाईंस आपला भार उचलण्यासाठीं दुसरे खांदे शोधावे लागले.

५

ते खांदे त्यांस दुष्काळानें दिले. संस्थेस उत्पन्न व्हावें म्हणून केडगांव स्टेशनाजवळ त्यांनीं सुमारें शंभर एकर जमीन घेऊन फळबाग लावण्यास आरंभ केला होता. इतक्यांत १८९६–९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांतील उपासमारीचें वृत्त कानीं येतांच रमाबाई तिकडे गेल्या. तेथें सरकारी अनाथगृहें होतीं. परंतु त्यांतील निराधार मुलींची दशा पाहून, आणि त्यांच्यावर टपलेल्या दुष्ट माणसांच्या हालचाली पाहून, त्यांनीं सुमारें तीनशें मुली आपल्याबरोबर आणण्याचा संकल्प केला. हातांत पुरेसें द्रव्य नव्हतें. बावीस वर्षांपूर्वींच्या आपल्याच उपवासाचें स्मरण हेंच त्यांचें मुख्य भांडवल होतें.

याच वेळीं पुण्यास प्लेगानें घेरलें. शहरांत नवीन माणसें आणण्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली. तेव्हां या अस्थिपंजर मुलींस केडगांवच्या उघड्या माळावर, तंबूंत व झोंपड्यांत, ठेवण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. ज्यास आज मुक्तिसदन म्हणतात त्याचा आरंभ हा असा झाला. कित्येक मुली अन्न मिळूं लागल्यावरही वांचल्या नाहींत. दुष्काळानें खंगलेल्या देहास अन्नही एकदम सोसत नाहीं, हें वैद्यांस ठाऊक आहे.

प्लेगाच्या बंदोबस्तांतील जुलूम व रुग्णालयांतील अव्यवस्था यांविषयीं रमाबाईंनीं १८९७ सालीं मुंबईच्या 'बाँबे गार्डियन' पत्रांत उघडपणें लिहिलें. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनीं त्यांचें म्हणणें नाकारलें. राज्यकर्ते आपल्या धर्माचे आहेत म्हणून रमाबाई गप्प बसल्या नाहींत, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनींही नमूद करावयास हवी. त्यांच्या लेखीं सहधर्मी ती, जी त्यांच्या तंबूंत प्लेगाच्या भयानें रात्र काढीत होती. राजवाड्यांतील अधिकारी नव्हे.

१८९९–१९०० चा दुष्काळ याहून भयंकर होता. गुजराथ व राजपुतान्यांतून मुलींचे नवे जथे आले, आणि १९०० च्या सुमारास केडगांवीं आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. एका लहानशा स्टेशनाच्या बाजूस, पाण्याचा तुटवडा असलेल्या जागीं, दोन हजार माणसें जगवावयाचीं म्हणजे काय, याचा हिशेब शेतकऱ्यानें करावा. विहिरी खणाव्या लागल्या. धान्य दळावें लागलें. गोठा, माग, शिवण, तेलाचा घाणा, शेत या सर्वांची व्यवस्था लागली. हीं कामें करण्यास बाहेरून मजूर आणण्याइतकें द्रव्य नव्हतें. आदल्या वर्षीं वांचलेल्या मुलींनीं पुढच्या वर्षीं आलेल्यांस न्हाऊं घालावें, त्यांच्या उवा काढाव्या, जखमा धुवाव्या, आजाऱ्याजवळ रात्र जागावी, असाच तेथील क्रम होता. जी काल आश्रित होती ती आज सेविका झाली. मुक्तिसदनाच्या इतिहासांतील मर्म येथें आहे. परोपकार करणारे वरच्या पायरीवर आणि घेणारे खालच्या पायरीवर, ही नेहमींची रचना तेथें फार दिवस टिकूं शकली नाहीं, कारण पायऱ्या बांधावयासच सवड नव्हती.

रमाबाईंच्या सोबतिणींपैकीं कांहींचीं नांवें प्रसिद्ध आहेत. पुण्याच्या सुंदराबाई पवार यांनीं दुष्काळाच्या पहिल्या धांवपळींत मोठा भार उचलला. मिनी एब्रम्स ही अमेरिकन बाई १८९८ त केडगांवीं आली; त्या वर्षीं रमाबाईंस अमेरिकेस जावें लागलें, तेव्हां मागें या दोघींनीं संस्था सांभाळली. मनोरमाबाई अमेरिकेंत शिकून आल्यावर शारदासदनाच्या मुख्याध्यापिका झाल्या. त्यांनीं ब्रेल लिपि शिकून आंधळ्या मुलींस वाचावयास शिकविलें. आंधळ्यांचें घर तें बार्तीमी सदन, पतितांचें कृपासदन, वृद्धांचें प्रीतिसदन, अशीं निरनिराळीं सदनें एकाच आवारांत उभीं राहिलीं. महाराष्ट्रीय, बंगाली संसारांतून आलेली, अमेरिकन, गुजराथी, मध्यप्रांतांतली, अशा या स्त्रिया एका पंगतीस बसत होत्या. आणि जुन्नरच्या यवनांचें जें आम्ही वर सांगितलें, त्याचेंच हें दुसरें रूप होय.

६

आतां ग्रंथाकडे वळूं. मराठींत बायबल नव्हतें असें नाहीं. विल्यम केरी यांनीं पंडित वैजनाथ यांच्या साहाय्यानें केलेला नवा करार १८११ सालीं सेरामपूर येथें छापला; अमेरिकन मिशनचा नवा करार १८२६ त मुंबईस निघाला; आणि पुढील काळांत बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांसारख्या मराठी ख्रिस्ती लेखकांनीं या वाङ्मयाची मोठी सेवा केली. मग नव्या भाषांतराचें प्रयोजन काय? रमाबाईंची तक्रार अशी होती कीं, रूढ भाषांतराची भाषा संस्कृत शब्दांनीं बोजड झालेली आहे, व त्यांतील कित्येक शब्दांच्या मागें वेदांताचे व पुराणांचे अर्थ उभे असल्यामुळें साध्या वाचकाचा घोंटाळा होतो. ही तक्रार एखाद्या अर्धशिक्षितानें केली असती तर कोणी लक्ष दिलें नसतें. परंतु येथें ती करणारी व्यक्ति संस्कृताच्या मांडीवर वाढलेली होती. ज्या भाषेवर आपलें प्रभुत्व, तीच भाषा आपल्या श्रोत्यांसाठीं बाजूस ठेवणें, हा पांडित्याचा त्याग होय. आणि आम्ही संस्कृतावर पोट भरलेले लोक हा त्याग किती कठीण आहे हें जाणतों.

हे श्रोते कोण होते? तेच, जे माळावरच्या तंबूंत आले होते. ज्यांस अक्षरओळख केडगांवींच झाली, ज्यांपैकीं पुष्कळांची जन्मभाषा मराठीही नव्हती, अशा स्त्रियांस समजेल अशी भाषा हवी होती. म्हणजे भाषांतराचें धोरणच त्या सहवासांतून निघालें. पुण्यांतील एखाद्या वाड्यांत बसून केलेलें भाषांतर निराळें झालें असतें.

रमाबाईंनीं चाळिशी उलटल्यावर हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास चालविला. सुमारें १९०४–०५ पासून आरंभलेलें हें काम त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षें चाललें. जुन्या कराराचीं एकुणचाळीस व नव्याचीं सत्तावीस मिळून सहासष्ट पुस्तकें, त्यांचे अकराशें एकुणनव्वद अध्याय, एवढा हा विस्तार. त्याबरोबरच दोन हजार माणसांच्या घराचा कारभार, आणि दिवसेंदिवस वाढत जाणारें बहिरेपण.

छपाईचें काम मुक्तिसदनांतील स्त्रियांनीं केलें. हें वाक्य लिहावयास सोपें आहे. त्याचा अर्थ ज्यानें जुना खिळ्यांचा छापखाना पाहिला आहे त्यासच कळेल. देवनागरीस कानामात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरें यांमुळें शेंकडों निरनिराळे खिळे लागतात. प्रत्येक खिळा पेटींतून उचलून उलट्या क्रमानें जुळवावयाचा, ओळ घट्ट करावयाची, फर्मा बांधावयाचा, शाई लावावयाची, मुद्रित काढून तपासावयाचें, चुकलेला खिळा चिमट्यानें काढून दुसरा बसवावयाचा, आणि छापून झाल्यावर सर्व खिळे सोडवून पुनः आपापल्या घरांत टाकावयाचे. यानंतर घड्या, शिवण, बांधणी. सहासष्ट पुस्तकांच्या ग्रंथास हे सोपस्कार किती वेळां करावे लागले असतील, याची कल्पना वाचकांनींच करावी. शिशाचे खिळे हाताळून बोटें काळीं होतात, डोळे शिणतात. ज्या हातांनीं दुष्काळांत पाला ओरबाडला होता त्याच हातांनीं हीं अक्षरें जुळविलीं.

१९२१ च्या जुलैंत मनोरमाबाई वारल्या. एकुलती एक मुलगी, संस्थेची भावी चालक, चाळिसाव्या वर्षीं गेली. रमाबाईंनीं काम थांबविलें नाहीं. भाषांतर हातावेगळें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. ग्रंथ मात्र अजून छापून पुरा व्हावयाचा होता. तो सदनांतील स्त्रियांनीं पुरा केला व १९२४ त बाहेर काढला. मुख्य कर्ती गेल्यावर दोन वर्षें जें काम थांबत नाहीं, तें एकटीचें नसतेंच. आमच्या प्रतिपाद्यास याहून चांगलें प्रमाण कोणतें?

७

येथें एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. दुष्काळांत ज्यांच्या पोटीं अन्न नव्हतें त्यांस अन्नाबरोबर धर्मही दिला गेला, तेव्हां त्यांची निष्ठा खरी कशी मानावी? शारदासदन जसें आरंभीं धर्माच्या बाबतींत तटस्थ होतें, तसें मुक्तिसदन नव्हतें. तें उघडपणें ख्रिस्ती होतें. आक्षेप घेणारांची शंका गैर नाहीं, आणि प्रत्येक मुलीच्या मनांत काय घडलें याचा निवाडा इतिहासानें करावा हेंही शक्य नाहीं. आम्ही त्या संप्रदायाचे नव्हों, म्हणून आमच्यावर पक्षपाताचा आरोप येण्याचें कारण नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, अन्नासाठीं केलेली गोष्ट अन्न मिळाल्यावर संपते. दुष्काळ संपल्यावर वर्षानुवर्षें जीं माणसें एकमेकांच्या जखमा धुतात आणि एका ग्रंथाचीं अक्षरें जुळवीत राहतात, त्यांच्या वर्तनाचा खुलासा एका दिवसाच्या भुकेनें होत नाहीं. त्यास दुसरें कांहीं तरी लागतें. त्यास श्रद्धा म्हणा, सख्य म्हणा, अथवा पौलाच्या शब्दांत सहसैनिकत्व म्हणा.

मुक्तिसदन केडगांवीं आजही चालू आहे. रमाबाईंचें चरित्र देवदत्त नारायण टिळक यांनीं मराठींत लिहिलें. मीरा कोसंबी यांनीं त्यांच्या लेखनाचा परिश्रमपूर्वक अभ्यास केला. नायिकेचा इतिहास अशा प्रकारें बराच प्रकाशांत आला आहे. उणीव आहे ती तिच्या सोबतिणींच्या इतिहासाची. आणि ती भरून काढणें हें आम्हां संग्राहकांच्या हातीं आहे. मुक्तिसदनाचे वार्षिक वृत्तांत व 'मुक्ति प्रेयर बेल' या नियतकालिकाचे सुटे अंक, केडगांवीं छापलेल्या लहान चोपड्या व गीतांच्या वह्या, तेथून लग्न होऊन बाहेर पडलेल्या मुलींच्या घरांतील पत्रें, मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या, हीं सर्व साधनें आहेत. एकोणिसाव्या शतकांत चर्च मिशनरी सोसायटीचें ठाणें जुन्नरासही होतें. त्या परंपरेंतील घराण्यांकडेही जुने कागद निघण्याचा संभव आहे. नव्या पिढीस मोडी वाचतां येत नाहीं म्हणून दप्तरें रद्दींत गेलीं. या कागदांची लिपि तर बालबोध आहे, आणि तरीही ते त्याच वाटेनें जात आहेत.

शेवटीं एक विनंति. ज्या कोणा संग्राहकाजवळ १९२४ च्या केडगांव बायबलाची, किंवा तेथें छापलेल्या कोणत्याही पुस्तकाची प्रत असेल, त्यानें तिचें नुसतें मुखपृष्ठ उतरून घेऊन थांबूं नये. आंतील कोरीं पानें, बांधणीच्या घडींतील चिठोऱ्या, समासांतील शाईच्या खुणा नीट पाहाव्या. कोठें एखाद्या स्त्रीचें नांव, गांव अथवा तारीख लिहिलेली आढळल्यास ती जशीच्या तशी, ऱ्हस्वदीर्घासुद्धां, उतरून मंडळाकडे पाठवावी. धान्य विकणारांच्या श्रेणीचा लेख जुन्नरच्या खडकांत दोन हजार वर्षें टिकला. केडगांवच्या खिळे जुळविणाऱ्या स्त्रियांचा लेख कागदावर आहे, आणि कागदास तेवढें आयुष्य नसतें.